प्राचीन बंदर शूर्पारक आणि दानाची परंपरा

उत्तर कोकणच्या प्राचीन इतिहासात सोपारा या नगराचे स्थान फार मोठे आहे. वसई तालुक्यातील हे गाव पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेले. जुन्या लेखांत त्याचे नाव शूर्पारक अथवा सोपारक असे येते. ग्रीक दर्यावर्दी त्याला सुप्पारा म्हणत. एके काळी अपरान्ताचे हे मुख्य बंदर होते.

शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ मुलखाचा समुद्राशी काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु तो संबंध फार जुना आहे. मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढला की माणूस जुन्नरास पोहोचतो. सातवाहनांच्या काळी देशावरचा माल याच घाटाने उतरून कल्याण व सोपारा या बंदरांकडे जाई. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे. त्यात जकात जमा करीत, असे परंपरा सांगते. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नाण्यांच्या दानांची आकड्यांसह नोंद आहे. म्हणजे दानाची नोंद दगडावर ठेवण्याची रीत या मुलखात दोन हजार वर्षांची आहे.

आज सोपारा पाहावयास जाणे अवघड नाही. आसनगावहून लोकलने दादर आणि तेथून पश्चिम रेल्वेने नालासोपारा गाठावे. स्टेशनच्या पश्चिमेस सोपारा गावात विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. बंदर पाहावयाच्या उमेदीने गेलेल्या माणसाची मात्र निराशा होते. तेथे ना धक्का, ना गलबते. ज्या खाडीने जहाजे आत येत, ती गाळाने भरत गेली आणि व्यापार दुसऱ्या बंदरांकडे वळला. भोवताली आता दाट वस्ती उभी आहे.

या स्तूपाच्या टेकाडास गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले. मध्यभागी विटांच्या कोठडीत दगडी पेटी मिळाली. तीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याच्या लहानशा १३ खापऱ्या! त्या भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असे पंडितजींचे मत होते. सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे व आठ ब्राँझमूर्तीही मिळाल्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. राजे गेले, बंदर बुजले. श्रद्धेने जपलेल्या मातीच्या खापऱ्या मात्र राहिल्या.

त्याच वर्षी सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. या नवव्या लेखाचा आशय प्रत्येक गावाने ध्यानी घ्यावा असा आहे. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासास निघताना लोक नाना विधी करतात. ते करावेतच, पण त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान हेच खरे मंगल होय, असे तो राजा सांगतो. अशोकाचे असे मोठे लेख एकंदर चौदा. सोपाऱ्यात हाती आले ते केवळ दोहोंचे तुकडे.

शूर्पारकाला दान देणाऱ्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचे नाव ठळक आहे. नाशिकच्या लेण्यांतील लेखानुसार त्याने शूर्पारकात वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली, विहिरी व तळी खोदविली. तापी, पार, दमणगंगा आणि डहाणूची नदी अशा नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या आणि काठांवर पाणपोया घातल्या.

पण दान काही राजेरजवाड्यांनीच केले असे नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले आणि कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली, असे लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या एका धर्मप्रवचनकाराने दिलेला खांब आजही उभा आहे. त्या काळच्या बड्या सावकारांची घरे कोठे होती हे कोणी दाखवू शकत नाही; मात्र त्या लोहाराचे नाव दगडावर वाचता येते.

शेणव्यासारख्या गावात मंदिराचा जीर्णोद्धार होतो, तेव्हा हीच जुनी रीत पुढे चालते. कोणी रोख रक्कम देतो, कोणी सिमेंट-वाळू, कोणी लाकूड, तर कोणी चार दिवसांचे श्रमदान. देणगीदारांच्या यादीत मोठ्या आकड्याशेजारी श्रमदान करणाऱ्याचे नावही असावे, हीच कान्हेरीच्या लोहाराची शिकवण आहे.

सोपारा आणखी एक गोष्ट शिकवतो. जीर्णोद्धाराच्या वेळी पाया खणताना एखादा कोरीव दगड, वीरगळ किंवा अक्षरांची शिळा निघते. ती पायात भरली की तिच्यावरचे नाव कायमचे गेले. अशी शिळा धुऊन, पुसून मंदिराच्या आवारात उभी करावी व जाणकारांस दाखवावी. नवे मंदिर देवाचे असते, तशा जुन्या शिळा पूर्वजांच्या असतात. दोन्ही जपल्या म्हणजे जीर्णोद्धार पुरा झाला, असे म्हणता येईल.