शिकायला रजा कोण देतो?

नवापूरच्या किनाऱ्यावर तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी समुद्राला मिळते. त्या पाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. मला इथे शोधायचे आहे ते वेगळे. या पट्ट्यात माणसे कामाला ठेवणाऱ्यांनी कामावरच्या प्रौढ माणसाच्या शिकण्याशी कसे नाते ठेवले?

सगळ्यांत जुना मालक जमीनदार. डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली माणूस बायकोसह सावकाराकडे राबत असे; त्याला लग्नगडी म्हणत. किती फिटले आणि किती उरले, हे वही ज्याच्या हाती तोच सांगणार. अशा मालकाला गड्याचे अक्षरज्ञान परवडणारे नव्हते. मे 1945 मध्ये झरी इथे हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठबिगार नाकारली. त्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांनी 1937-38 च्या सुमारास प्रौढ साक्षरतेचे काम केले होते. या दोन कामांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

त्याच 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. 1957 मध्ये ते कोसबाडला गेले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (1910–1992) यांची कथा बालशिक्षणाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. माझ्या विषयासाठी तिची दुसरी बाजू महत्त्वाची. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी. पुण्यात दिवसा शिकवून रात्रशाळेत शिकत त्या 1937 मध्ये मॅट्रिक झाल्या, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. बी.ए. झाल्या 1961 मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी. पहिली परीक्षा पोटापाण्याच्या उपयोगाची होती, असे म्हणता येईल. पण दुसरीचे काय? कोसबाडच्या टेकडीवर त्यांची बढती अडलेली नव्हती. तरुणपणी माणूस शिकतो ते बहुधा कागदासाठी आणि पन्नाशीत शिकतो ते राहून गेलेल्या गोष्टीसाठी, असे मला वाटते. पण ही विभागणी फार ताणू नये. कागदाची भूक पन्नाशीतही असते.

अणुऊर्जा केंद्राने शिकण्याचा अर्थच पालटला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाल्या. असे यंत्र चालवणारी माणसे बाजारात मिळत नव्हती. म्हणून अणुऊर्जा खात्याने 1957 पासूनच ट्रॉम्बेत आपली प्रशिक्षणशाळा चालवली होती. नियंत्रणकक्षात बसणाऱ्याला परवान्याची परीक्षा द्यावी लागते आणि ठरावीक मुदतीने परवाना नव्याने मिळवावा लागतो. केस पिकलेला अभियंताही पुन्हा परीक्षार्थी होतो. इथे अभ्यास हे कामच आहे. त्याचा वेळ आणि खर्च मालकाचा, कारण चुकीची किंमत कोणालाच झेपणारी नाही. मालकाची गरज आणि कामगाराचे शिक्षण एका रेषेत आले की रजेचा अर्ज करावा लागत नाही.

रेषा जुळत नाहीत तिथे सरकारने मध्ये पडून पाहिले. 1958 मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला. कामगारांतूनच शिक्षक तयार करायचे आणि त्यांनी आपल्या कारखान्यात वर्ग घ्यायचे, ही कल्पना. कल्पना चांगली, पण कारखानदाराने माणूस मोकळा केला तरच ती चालणार. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर बंधन घातले, मात्र तो नोकरीच्या उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी. पंधरा वर्षे मशीनवर उभ्या असलेल्याचा विचार त्यात नाही.

आणि बोईसरच्या वसाहतीत कंत्राटदाराच्या हजेरीवरचा माणूस? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात उपाहारगृह, विश्रांतीची खोली, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार या सोयी नावानिशी सांगितल्या होत्या. भूक, तहान, थकवा आणि जखम, एवढ्या गरजा कायद्याला दिसल्या. शिकण्याचा त्यात उल्लेख नाही. तो राहून गेला असे मी मानत नाही. आज या ठेक्यावर, उद्या त्या ठेक्यावर जाणाऱ्याच्या शिक्षणावर खर्च कोण करणार? कारखाना म्हणतो, तो आमचा नाही. कंत्राटदार म्हणतो, तो शिकला की जाईल. हा दुसरा हिशेब ऐकला की मला लग्नगड्याच्या सावकाराची आठवण होते.

1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शाळा अर्धवट सुटलेल्यालाही पूर्वतयारीच्या परीक्षेतून पदवीकडे जाण्याची वाट मिळाली. या वाटेवर मालकाची परवानगी लागत नाही. पुस्तक घरी वाचता येते, रात्रपाळीनंतरही. परीक्षेच्या दिवशी मात्र पाळी बदलून मागावी लागते, नाहीतर त्या दिवसाची हजेरी बुडते.