आधी पिस्टन, मग बोअर : मोटारसायकलच्या इंजिनकामाचा भारतीय इतिहास

मोटारसायकल निळसर धूर मारू लागली, ऑइल खाऊ लागली, चढावर दम टाकू लागली की इंजिनचे काम निघते. हेड उतरते, ब्लॉक निघतो, क्रँककेसचे दोन्ही अर्धे भाग सुटे होतात आणि मेस्त्रीसमोर दोन प्रश्न उभे राहतात : काय ठेवायचे, आणि जे ठेवता येत नाही त्याच्या जागी काय बसवायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मायक्रोमीटर देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र भारतात काळागणिक बदलत गेले, कारण ते यंत्राइतकेच बाजारात काय मिळते यावर आणि सरकारच्या आयात धोरणावरही अवलंबून होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने बीएसए एम २०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी ३ एल अशा मोटारसायकली मोठ्या संख्येने वापरल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या अनेक गाड्या भारतात डिस्पोजलच्या मालात निघाल्या आणि मुलकी रस्त्यांवर आल्या. त्यांच्यासोबत सुट्या भागांच्या काही पेट्याही आल्या, पण त्या पुरून किती पुरणार? स्वातंत्र्यानंतर आयातीला परवाना लागू लागला, १९५७ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर तो मिळणे आणखी अवघड झाले, आणि बर्मिंगहॅमहून पिस्टन मागवणे सामान्य गाडीमालकाच्या आवाक्याबाहेर गेले. गाडी मात्र चालवायची होतीच. इंजिनकामाची भारतीय पद्धत या अडचणीतून घडली.

या पद्धतीचा पहिला नियम म्हणजे आधी पिस्टन, मग बोअर. सिलिंडर झिजतो तो सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला, तो जास्त खातो. म्हणून तो लंबगोल होतो आणि वर-खाली वेगळ्या मापाचा होतो. त्याला पुन्हा गोल करायचा तर थोडा मोठा कापावा लागतो आणि त्या वाढीव मापाचा, म्हणजे ओव्हरसाइझ, पिस्टन घालावा लागतो. लेथवाल्याकडे नुसता ब्लॉक पाठवून ‘वीस वाढवून दे’ म्हणणे धोक्याचे असते. एकाच आकड्याच्या दोन पिस्टनांची प्रत्यक्ष मापे थोडी वेगळी निघतात. त्यामुळे पिस्टन हातात आल्यावर तो स्कर्टजवळ, म्हणजे खालच्या घेराजवळ, मोजायचा, त्यात ठरलेली मोकळीक मिळवायची आणि तेवढाच बोअर कापायचा, हे शिस्तीचे काम. ब्रिटिश गाड्यांच्या ओव्हरसाइझच्या पायऱ्या इंचाच्या २०, ४०, ६० हजारांशांच्या होत्या. जपानी गाड्या पुढे पाव मिलिमीटरच्या पायऱ्या घेऊन आल्या. २० हजारांश इंच म्हणजे ०.५०८ मिलिमीटर. त्याला सरळ अर्धा मिलिमीटर समजले तर आठ मायक्रॉनची चूक होते, आणि जिथे सगळी मोकळीकच काही शतांश मिलिमीटरची असते तिथे एवढीशी चूकही पिस्टन जाम व्हायला हातभार लावते.

शेवटच्या पायरीनंतरही ब्लॉक टाकून दिला जात नसे. तो बराच मोठा कापून त्यात बीडाची स्लीव्ह दाबून बसवायची आणि ती पुन्हा मूळ मापावर आणायची. डिस्पोजलच्या गाड्यांच्या बाबतीत स्लीव्हचा आणखी एक उपयोग झाला : मूळ पिस्टन मिळेनासा झाला, तर जो मिळेल त्या मापाची स्लीव्ह बसवता येई. मग मोटार, ट्रॅक्टर, डिझेल इंजिन, कुठलाही पिस्टन चालेल का, याचा शोध सुरू होई.

हा शोध म्हणजे अंदाजपंचे जुळवाजुळव नव्हती. व्यास जुळणे ही त्यातली सर्वांत सोपी बाब, कारण बोअर कापून व्यास जुळवता येतो. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची मात्र बदलता येत नाही. ती दोन मिलिमीटरनी कमी असेल तर कॉम्प्रेशन पडते. जास्त असेल तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला भिडतो. पिनची जाडी कनेक्टिंग रॉडच्या वरच्या बुशात बसली पाहिजे. स्कर्ट लांब असेल तर तो तळाशी येताना फ्लायव्हीलला घासतो. या सर्वांतून पार पडलेला पिस्टन वजनावर अडतो, आणि नवशिक्याचे लक्ष नेमके इथेच नसते. एका सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली होणाऱ्या वजनाचा पूर्ण तोल साधताच येत नाही. फ्लायव्हीलच्या प्रतिभाराने त्याचा साधारण ५० ते ७० टक्के भाग तोलला जातो. हे प्रमाण मूळ पिस्टनच्या वजनावर ठरवलेले असते. जड पिस्टन घातला की इंजिन चालते, पण ठराविक वेगाला हँडल आणि फूटरेस्ट थरथरू लागतात, बोल्ट ढिले होतात, आणि दोष चेसिसचा समजून मालक भलतीकडेच खर्च करतो. म्हणून चांगला मेस्त्री जुना पिस्टन कितीही फुटका असला तरी फेकत नसे. त्याचे वजन, पिन आणि रिंगांसह, हेच नव्या पिस्टनचे परिमाण असे.

दरम्यान देशात भाग तयार होऊ लागले होते. मद्रासमध्ये १९४९ साली इंडिया पिस्टन्स ही कंपनी उभी राहिली. १९५४ मध्ये जर्मन गोएट्झे कंपनीच्या सहकार्याने भारतात रिंगा बनवणारी कंपनी स्थापन झाली. १९६० च्या दशकात श्रीराम पिस्टन्सची भर पडली. मोटारसायकलीही इथेच बनू लागल्या : १९५५ मध्ये मद्रासच्या मद्रास मोटर्सने इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डबरोबर एनफिल्ड इंडिया स्थापन केली आणि तिरुवोट्टियूरला बुलेटचा कारखाना काढला, म्हैसूरला आयडियल जावा आली, एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली राजदूत काढली. नंतरची २० वर्षे भारतातली मोटारसायकल म्हणजे मुख्यतः या तीन गाड्या.

त्यांत इंजिनकामाच्या दृष्टीने बुलेटचा इतिहास सर्वांत बोलका आहे, कारण तिचा मूळ आराखडा अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकला. ३५० सीसी बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे नेमके ३४६ सीसी. बोअर एक मिलिमीटरने वाढवला तर ते ३५६ सीसी होते. दहा सीसींनी गाडी वेगवान होत नाही. ओव्हरसाइझ हा दुरुस्तीचा मार्ग आहे, ताकद वाढवण्याचा नव्हे, हे या आकड्यावरून स्पष्ट व्हावे. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० पर्यंत मूळ इंग्रजी कंपनीचे कामच थांबले. मद्रासमध्ये मात्र तेच इंजिन बनत राहिले. १९७७ पासून तिथली बुलेट ब्रिटनला निर्यात होऊ लागली. ज्या देशातून पिस्टन मागवणे अशक्य झाले होते, त्याच देशातल्या जुन्या एनफिल्डवाल्यांना आता भाग भारतातून मिळू लागले.

बुलेटच्या बिगएंडवरून, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या सांध्यावरून, मेस्त्रींमध्ये दोन पंथ पडले. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये मूळ इंजिनात फिरता बुश असे : पोलादी कडे, त्यावर आतून-बाहेरून व्हाइट मेटलचा थर. तो रॉडमध्येही सैल आणि पिनवरही सैल, तेलाच्या पडद्यावर तरंगणारा. तेल स्वच्छ आणि भरपूर असेल तर त्याचा आवाज जवळपास नसतो. पण बुलेटचा तेलाचा पंप पिस्टनच्या जातीचा आणि मंद आहे. तेल बदलायची टाळाटाळ झाली, पंपाची जागा झिजली, की सर्वांत आधी हा बुश जातो. म्हणून रोलर बेअरिंगचा बिगएंड बसवण्याची पद्धत रुळली. रोलर तेलाची टंचाई जास्त सोसतो, ओढाताणीची सवारी सहन करतो. बुशच्या बाजूने बोलणारे त्याची शांत चाल आणि मूळपणा पुढे करतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, पण निवड गाडीमालकाच्या सवयीवर व्हायला हवी. जो वेळेवर तेल बदलेल त्याला बुश पुरतो, इतरांना रोलर बरा. मात्र क्रँक नवा करून पंप जुनाच ठेवणे दोन्ही पंथांत चूकच ठरते, कारण ज्या कारणाने पहिला बिगएंड गेला ते कारण इंजिनातच राहते.

म्हैसूरची जावा आणि त्याच कारखान्यातली १९७३ नंतरची येझदी यांची गोष्ट निराळी. ६५ बाय ७५ मिलिमीटरचे हे टू-स्ट्रोक इंजिन, त्यात व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. त्यामुळे भाग कमी आणि काम सोपे अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस स्वतःच पंपाचे काम करते. पिस्टन खाली येताना खालचे पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबून वर ढकलतो. म्हणून क्रँकचे ऑइल सील गळके असेल तर बोअर आणि पिस्टन कितीही नवे असोत, गाडी सुरूही धड होत नाही, आणि बाहेरची हवा आत ओढली गेल्याने मिश्रण पातळ होऊन नवा पिस्टन जाम होतो. दहा-वीस रुपयांच्या सीलने शेकडो रुपयांच्या बोअरचा घात केल्याची उदाहरणे टू-स्ट्रोकच्या काळात घरोघर होती. रिबोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. आणि रिंगांची तोंडे फिरून पोर्टसमोर येऊ नयेत म्हणून खाचेतल्या पिना शाबूत आहेत का हे पाहावे लागते. दाबून जोडलेला क्रँक सोडवून नवा रॉड, पिन आणि बेअरिंग घालायचे, मग डायल गेज लावून तो सरळ करायचा, हे काम तर प्रत्येक गावात होत नसे. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी, जिथे ऑइल इंजिनांमुळे लेथ आणि प्रेस आधीपासून होते, तिथे आसपासच्या गावांतून क्रँक पोत्यात बांधून आणले जात.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्यानंतर येझदीचे भाग म्हणजे उरलेला साठा, लहान कारखानदारांनी नमुन्यावरून बनवलेला माल आणि मोडीत निघालेल्या गाड्या. २०१८ मध्ये जावा हे नाव परत आले, पण नवे इंजिन पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक आहे. जुन्या जावाच्या उपयोगाचे त्यात काही नाही. १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० या यामाहाच्या दोन सिलिंडरच्या गाडीवर हीच वेळ आणखी लवकर आली. तिचे उत्पादन थोड्याच वर्षांत थांबले आणि तिचे दोन्ही पिस्टन एकाच वजनाचे मिळवणे ही मालकांची कायमची चिंता होऊन बसली.

१९८४ ते १९८६ या तीन वर्षांत १०० सीसीच्या जपानी गाड्या आल्या : इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. हिरो होंडाचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. या गाड्या लाखांनी खपल्या आणि त्यांनी निवडीची रीतच पालटली. एकाच मापाचे भाग एवढ्या संख्येने लागू लागले, की नवा ब्लॉक, पिस्टन, रिंगा, पिन आणि लॉक असा अख्खा संच एका खोक्यात विकणे परवडू लागले. याला बाजारात ‘बोअर किट’ म्हणतात. रिबोअरची मजुरी आणि सुटा पिस्टन यांच्या बेरजेत थोडी भर घातली की किट येते, काम एका दिवसात होते आणि ब्लॉक लेथवर पाठवावा लागत नाही. साहजिकच बहुतेक मेस्त्री किटकडे वळले.

त्याच सुमारास पुण्याची नाना पेठ, मुंबईचा ऑपेरा हाऊस परिसर आणि दिल्लीचे करोल बाग इथल्या बाजारांत भागांचे तीन दर रूढ झाले. सर्वांत महाग तो गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला. त्याखालोखाल, त्याच कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला; हा अनेकदा पहिल्याच साच्यातून निघालेला असतो आणि जाणकार गिऱ्हाईक तोच घेते. आणि तिसरा ‘लोकल’. लोकल म्हणजे सरसकट वाईट नव्हे. गॅस्केट, बुश, फूटरेस्टचे रबर यांत लोकल चालून जाते. पण रिंगा, क्रँकपिन, व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेन यांत पोलादाची जात आणि उष्णतासंस्कार नजरेला दिसत नाहीत, आणि वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा इंजिन उघडताना जातात. पाकीट कोणतेही असो, रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजणे ही खात्री दुकानातून आल्यावरही घेता येते. बोअरच्या दर इंचामागे ३ ते ४ हजारांश इंच हा जुना ठोकताळा हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना आजही लागू पडतो.

किटची पुढची पायरी म्हणजे रिबोअर होऊच न शकणारा ब्लॉक. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा मिलिमीटरच्या अंशाएवढा पातळ थर देण्याची युक्ती जर्मनीत १९६० च्या दशकात निघाली. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांतून ती भारतीय वर्कशॉपांत पोहोचली. हा थर बीडापेक्षा कितीतरी कमी झिजतो. पण तो खरवडला गेला की बोअर कापून चालत नाही; ब्लॉक बदलावा लागतो किंवा पुन्हा थर द्यावा लागतो, आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. अशा इंजिनात ओव्हरसाइझच्या पायऱ्याच नसतात. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पसरू लागल्यावर जुन्या गाड्यांच्या कामात एक नवी तपासणीही आली : कार्ब्युरेटरची रबरे, पेट्रोलच्या नळ्या आणि सील या इंधनाला टिकणारे आहेत का, हे भाग घेतानाच विचारावे लागते.

बुलेटचे बीडाचे इंजिन उत्सर्जनाच्या नियमांमुळे २०१० च्या सुमारास बनायचे थांबले. तिचे ७० मिलिमीटरचे पिस्टन, त्यांच्या ओव्हरसाइझ पायऱ्या आणि बिगएंडचे बुश व रोलर हे दोन्ही प्रकार बाजारात अजून मिळतात.