सुरतेतला इंग्रजी 'र'

बरीचशी वाट पायी तुडवीत हिंदुस्थानात आलेला इंग्रज प्रवासी टॉमस कोरियट १६१७ साली सुरतेस वारला. तो सॉमरसेट परगण्याचा. तिकडे 'फादर', 'वॉटर' यांतला शेवटचा 'र' ठसठशीत उच्चारीत. लंडनातही त्या काळी तो ऐकू येई. अठराव्या शतकात मात्र तेथे तो लोपत गेला. पुढे, १८४० नंतरच्या दशकात, आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवीत होते. तोवर साहेबी उच्चार पालटला होता. आमची मुले मात्र अक्षरे पाहून 'र' म्हणत आली आणि त्यापायी हसू सोसत आली. हा 'र' त्यांना लाभला पुस्तकातून, कोरियटकडून नव्हे. पण त्याच्या कानांस तो खासच घरचा वाटला असता!