राहदारी : रद्द झालेला, तरीही वसूल होणारा कर

आज ‘रहदारी’ म्हणजे वाहतूक. मोगल काळात राहदारी म्हणजे रस्त्यावर, हद्दीवर, नदीच्या उतारावर वाटसरूंकडून घेतला जाणारा कर. वारसायुद्ध आणि अवर्षण यांमुळे धान्य महागले, तेव्हा औरंगजेबाने कारकिर्दीच्या आरंभी तो रद्द केला.

फर्मान निघाले, वसुली थांबली नाही. खाफीखान ‘मुन्तखब-उल-लुबाब’मध्ये कारण देतो : जहागिरींच्या उत्पन्नाच्या हिशेबातून ही रक्कम वजाच केली गेली नाही. कागदोपत्री आपल्या नावे असलेले उत्पन्न जहागीरदार कशाला सोडतील? उलट फौजदार आणि जमीनदारही गरीब वाटसरूंकडून पूर्वीपेक्षा अधिक उकळू लागले. बंदरातून निघालेला माल मुक्कामी पोहोचेपर्यंत खरेदीच्या दुप्पट रक्कम जकातीतच जाई, असे तो लिहितो. त्यात थोडी अतिशयोक्ती धरली, तरी व्यापाऱ्यांचा त्रागा खोटा नव्हता.