दीड आटा

मोटारसायकलचा इतिहास हा मुळात भाजण्याचा इतिहास आहे, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या जोडीने लाकडी सांगाड्यात पेट्रोलचे इंजिन बसवून पहिली मोटारसायकल तयार केली, तेव्हा पहिल्याच फेरीत खालच्या इंजिनाने बैठक पेटली, असे सांगतात. पुढे शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांनी रक्त आटवले आणि २०२१ साली मी घेतलेल्या मोटारसायकलीत ती आच बैठकीवरून फक्त मांडीपर्यंत आणून ठेवली. प्रगती म्हणतात ती हीच.

त्या काळी खरी अडचण होती ती पेट्रोल आणि हवा यांचे लग्न लावण्याची. १८९३ साली बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या दोन अभियंत्यांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर काढला. रस्त्यावर एक फुलवाली तोंडाने फुंकून फुलांवर पाणी उडवत होती, ते पाहून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट आहे. मायबाखनेही त्याच वर्षी तसलाच फवारा काढला. युक्ती साधी. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब उतरतो, पेट्रोल आपणहून वर ओढले जाते. एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा मिळाली की संसार बिनधुराचा. हवा वाढली तर गाडी तापते आणि आचके देते, पेट्रोल वाढले तर धूर काढते. आमच्या ओळखीतही अशी जोडपी आहेत.

हे १४.७ वगैरे आमच्या मिस्त्रींना ठाऊक नव्हते. साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या बोळात त्यांचे गॅरेज. वडिलांच्या राजदूतपासून आमचे घराणे त्यांच्या पदरी. मिस्त्री गाडी चालू करायचे, डोळे मिटायचे, स्क्रू ड्रायव्हरने कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण आत पिळायचे आणि मग मोजून दीड आटा सोडायचे. पुन्हा कान द्यायचे. मग जरासा मागे-पुढे. एखादा गवई तंबोरा जुळवताना करतो तसा चेहरा. "आता बोलतीय बगा," म्हणायचे आणि पाच रुपये घ्यायचे.

या विद्येवर संकट आले ते परदेशातून. १९७६ साली व्होल्वोने कॅलिफोर्नियात पाठवायच्या मोटारींच्या धुराड्यात लॅम्बडा सेन्सर बसवला. हा धुरातला प्राणवायू हुंगून, आत पेट्रोल कमी पडले की जास्त, हे कळवतो. १९८० साली कावासाकीने इंजेक्शनची मोटारसायकल आणली. आपल्याकडे २००६ साली हीरो होंडाच्या ग्लॅमरमध्ये इंजेक्शन आले, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेलाच. मिस्त्रींचा स्क्रू गेला. पिळायला काही उरलेच नाही.

माझी नवी गाडी धूर काढत नव्हती, पण तिसऱ्या गिअरात तिशीच्या वेगाला उचक्या देत होती. यवतेश्वराच्या घाटात तर सौभाग्यवतींनी दोनदा उतरून, "तुम्ही या मागून," असे सांगितले. मग पुण्याहून भाचा आला.

"मामा, कंपनी पेट्रोल मोजून देते. एक मॉड्यूल बसवू."

"म्हणजे?"

त्याने जे सांगितले ते मी बँकेच्या भाषेत सांगतो. गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे मॅनेजर. तो इंजेक्टर नावाच्या कॅशियरला चिठ्ठी पाठवतो, 'इतके मिलिसेकंद उघडा.' मॉड्यूल म्हणजे मध्ये बसलेला शिपाई. तो वाटेत चिठ्ठीवरचा आकडा थोडा वाढवतो. पण धुराड्यात तो सेन्सर, म्हणजे ऑडिटर, बसलेला असतो. तो बोंब मारणार. म्हणून शिपाई त्याचाही निरोप वाटेत अडवून, 'सर्व ठीक' असा करून मॅनेजरला देतो.

माझ्या अंगावर काटा आला. बावीस वर्षे मी व्हाउचरवर खाडाखोड दिसली की परत पाठवणारा माणूस! त्याने स्वतःच्या पैशाने, आणि हप्त्याने नव्हे तर रोख, अफरातफर विकत घ्यायची? पण भाचा म्हणाला, हा धंदा जुनाच आहे. डायनोजेट ही अमेरिकन कंपनी आधी कार्बोरेटरचे जेट विकायची, नव्वदच्या दशकात तिने 'पॉवर कमांडर' नावाची डबी काढली. परंपरा म्हटले की मी विरघळतो.

डबी बसवायची जागा अर्थातच मिस्त्रींचे गॅरेज. भाच्याने सीट काढली, टाकी उचलली, इंजेक्टरची पिन काढून डबीत खोचली, डबीची इंजेक्टरला, तसेच सेन्सरचे. चाळीस मिनिटांत काम खलास. मिस्त्री स्टुलावर बसून नुसते पाहत होते. त्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, उगीच. मला एकदम परक्या घरी आल्यासारखे वाटले.

गाडी मात्र सुधारली. उचकी बंद, मांडी गार, घाटात सौभाग्यवती शेवटपर्यंत मागे बसून राहिल्या. पण वाणिज्य पदवीधराला वही लागते. महिन्याने हिशेब केला. लिटरला ४४ किलोमीटर देणारी गाडी ३८ वर आली होती. ते जादा पेट्रोल कुठे जात होते? एका सकाळी शाळेच्या फाटकापाशी रिक्षांच्या गर्दीत थांबलो. मागे चौथीतली एक मुलगी रुमाल नाकाला लावून उभी होती. धूर रिक्षाचाही असेल. पण मी ऑडिटरचे तोंड बंद केलेला माणूस, मला खात्रीने 'माझा नव्हे' म्हणता येईना.

तसाच गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी गाडी चालू ठेवायला सांगितली आणि डोळे मिटले.

"सायेब, लई पितीय ही."

"कळतं तुम्हाला?"

"कान हाय की अजून."

डबीवर एक बारीक चकती होती, शून्य ते नऊ. भाच्याने ती सातावर ठेवली होती. मिस्त्रींनी चष्मा लावला, खिशातला सर्वांत लहान स्क्रू ड्रायव्हर काढला आणि एकेक घर मागे घेत गेले. पाच. चार. कान दिला. तीन.

"आता बोलतीय बगा."

आता गाडी ४२ देते, आणि तिसऱ्या गिअरात क्वचित एखादी उचकी. ती मी माझ्या वाट्याची समजतो. मी विचारले, "किती झाले, मिस्त्री?"

"दीड आटाच पिळला," ते म्हणाले, "पाच रुपये द्या."

मी पन्नास दिले. त्यांनी पंचेचाळीस परत केले, आणि मी ते दोनदा मोजून घेतले.