अर्धी रॅम

लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण पार्ल्याहून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरणाऱ्या आमच्यापैकी कुणी ते कधी उच्चारल्याचं आठवत नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. आमच्या पिढीला तो फक्त रॅम आणि हार्डडिस्कमुळे माहीत. असो.

२००२ साली बाबांबरोबर जाऊन तिथून २५६ एमबीची एसडी-रॅम आणली. घरी पेंटियम थ्री, बोर्ड इंटेलच्या ४४० बीएक्स चिपसेटचा. मशीन चालू केलं तर नवी पट्टी मोजली फक्त १२८! स्लॉट बदलला, खोडरबराने पट्टी घासली (हा आपला रामबाण उपाय), तरी १२८च. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "माल बराबर है, आपका बोर्ड नहीं उठायेगा. सोला चिपवाला लेके जाओ." मी त्याला बाबांसमोर चोर म्हणालो. त्याने निमूटपणे पैसे परत केले. पार्लं येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत.

खूप वर्षांनी इंटेलची कागदपत्रं वाचली, तेव्हा ट्यूब पेटली. ४४० बीएक्स आला १९९८ मध्ये, पीसी-१०० रॅमसाठी. मेमरी चिपच्या आत बिट्स ओळी आणि स्तंभांत मांडलेले असतात, आणि कुठली ओळ हवी ते चिपसेट पत्त्याच्या तारांवरून सांगतो. बीएक्सकडे ओळीसाठी बाराच तारा. १२८ मेगाबिटच्या चिपला तेवढ्या पुरतात. नंतर आलेल्या २५६ मेगाबिटच्या चिपला तेरावी लागते. ती नसली की प्रत्येक चिपचा अर्धा भाग आहे, पण तिथे पोचायला रस्ता नाही. माझ्या पट्टीवर अशा मोठ्या चिपा होत्या आठ. १२८ मेगाबिटच्या सोळा असत्या, तर बेरीज तीच आणि सगळी दिसली असती.

गंमत म्हणजे पट्टीवर एसपीडी नावाची एक इवलीशी चिप असते. ओळी किती, स्तंभ किती, वेग किती, सगळी कुंडली तीत लिहिलेली. बायॉस ती वाचतोही. पण वाचून नसलेली तार कुठून आणणार?

टीआयएफआरच्या 'टिफ्रॅक'ला (१९६०) ही कटकट नव्हती. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी. पण मेमरी त्या मशीनसाठीच बसवलेली, बाजारातून पट्टी आणून खोचायचा प्रश्नच नाही.

सोळा चिपांची पट्टी शेवटी मी दुसऱ्या दुकानातून घेतली, जास्त पैसे मोजून. लावताक्षणी २५६ दिसले. बाबांनी एवढंच विचारलं, "मग तो माणूस खरं सांगत होता?" मी कीबोर्ड पुसत बसलो. त्यानंतर लॅमिंग्टन रोडला कितीदा गेलो, पण ते दुकान आलं की पलीकडच्या फुटपाथवरून.