आज्ञासंचातील राखीव जागा

1998 साली एएमडीने के6-2 या प्रोसेसरमध्ये ‘थ्रीडीनाऊ’ नावाच्या नव्या आज्ञा घातल्या. पुढच्याच वर्षी इंटेलने पेंटियम 3मध्ये जवळपास त्याच कामासाठी ‘एसएसई’ हा आपला निराळा संच आणला. दोन्ही प्रोसेसरांची मूळ भाषा एक्स86 हीच होती; तरीही त्रिमितीय चित्रांचे गणित वेगाने करून हवे असेल, तर प्रोग्रॅमरला तोच भाग दोनदा लिहावा लागे. एएमडीने पुढे एसएसई स्वीकारला आणि 2010मध्ये स्वतःच्या आज्ञांना निरोप देण्याचे जाहीर केले.

त्याच 2010 साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रस्टे असानोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचाची आखणी सुरू केली. प्रत्येक उत्पादक स्वतःची भर घालणारच, हे त्यांनी गृहीत धरले. (ते रोखू पाहणारी मानके बहुधा कागदावरच राहतात.) या संचातील सर्वसाधारण आज्ञा 32 बिटांची असते आणि तिचे खालचे 7 बिट म्हणजे ऑपकोड. त्यांपैकी 0001011 आणि 0101011 हे दोन ऑपकोड मानकाने उत्पादकांसाठी मोकळे सोडले. प्रमाण विस्तार तिथे पाऊल ठेवत नाहीत. उत्पादकाच्या विस्ताराचे नाव ‘एक्स’ने सुरू होते. तो विस्तार समोरच्या चिपमध्ये आहे की नाही, हे प्रोग्रॅमने आधी तपासायचे आणि नसल्यास तेच गणित मूळ आज्ञांनी करायचे. काम संथ होईल, पण होईल.

ही शिस्त सुटली की काय होते, हे अलीबाबाच्या टी-हेड कंपनीच्या चिपांनी दाखवले. व्हेक्टर विस्तार अद्याप मसुद्याच्या अवस्थेत असताना त्यांनी 0.7.1 ही आवृत्ती सिलिकॉनमध्ये उतरवली. 2021मध्ये 1.0 आवृत्ती संमत झाली, तेव्हा त्याच प्रमाण ऑपकोडांना वेगळे अर्थ मिळाले होते. मानकाची वाट पाहून कंटाळलेल्या उत्पादकाची घाई समजण्यासारखी आहे. पण विकलेल्या चिपा परत घडवता येत नाहीत. शेवटी लिनक्स आणि जीसीसी यांना तो जुना मसुदा उत्पादकाच्या नावाचा, ‘एक्स’ने सुरू होणारा स्वतंत्र विस्तार म्हणून सांभाळावा लागला.

भारताचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. आयआयटी मद्रासमध्ये व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली ‘शक्ती’ प्रकल्प रिस्क-फाइव्हवर उभा राहिला आणि 2018मध्ये त्याच्या चिपवर लिनक्स सुरू झाले. लिनक्स किंवा कंपायलर त्यासाठी नव्याने लिहावे लागले नाहीत. फेब्रुवारी 2025मध्ये आयआयटी मद्रास आणि इस्रो यांनी ‘शक्ती’वर आधारलेली ‘आयरिस’ ही अवकाशोपयोगी चिप जाहीर केली. त्रिकोणमितीय गणनेसाठी कॉर्डिक, वॉचडॉग टायमर अशी खास मॉड्यूले तिच्यात घातली आहेत. गाभा मात्र प्रमाण आज्ञासंचाचाच आहे.

आयरिस मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत घडली. तिथेच घडलेला ‘विक्रम 3201’ पुढच्याच महिन्यात सादर झाला. त्याचा आज्ञासंच इस्रोचा स्वतःचा आहे. प्रक्षेपकाच्या ठरावीक कामासाठी ती निवड समर्थनीयच म्हणावी लागेल. पण त्यासाठी एडा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर हे सारे इस्रोला घरीच लिहावे लागले, आणि चिप सादर झाली त्या दिवशी सी कंपायलरचे काम अजून चालूच होते.